गुंडोपंतांचा कर्णा

गुंडोपंत मास्तर शाळेत यायचे तेव्हा त्यांच्या खांद्यावर ग्रामोफोनचा पितळी कर्णा असायचा. नुसता कर्णा. खालचं यंत्र नाही, तबकडी नाही, काही नाही. सकाळी भवानी पेठेतली माणसं दारात दात घासत उभी असायची. त्यांतलं कोणीतरी रोज ओरडायचंच, "मास्तर, गाणं कुटं राहिलं?" मास्तर न थांबता उत्तर द्यायचे, "येतंय मागनं! त्याला चालायला वेळ लागतो."

एकोणीसशे तीसच्या आसपासची ही गोष्ट. मी तेव्हा विशीतला, शाळेत नवा लागलेला दुय्यम मास्तर. दुसरी माझ्याकडे, तिसरी गुंडोपंतांकडे, आणि मध्ये भिंत म्हणून गोणपाटाचा एक पडदा. आज मी ऐंशी ओलांडली आहे. गुंडोपंतांच्या गमती मी आजवर पुष्कळांना सांगितल्या आणि पुष्कळांना हसवलं. एक गोष्ट मात्र दर वेळी गाळली. ती आज गाळणार नाही.

आमच्या शाळेत निम्मी मुलं हातमागवाल्यांची. त्यांच्या घरात तेलुगू. उरलेल्यांत कोणी कानडी, कोणी दखनी, कोणी गावाकडची मराठी बोलणारं. माझी शिकवण्याची पद्धत सोपी होती. सगळ्यांना एकच पाढा, एकाच सुरात, आणि चुकेल त्याला छडी. पडद्याआडून गुंडोपंतांचा आवाज यायचा, "सगळ्या पेठेला एकाच मापाची टोपी शिवताय होय?"

त्यांच्याकडे छडी नव्हती. त्याऐवजी एक लाकडी पेटी होती. तिच्यात खिळे, तारा, सुतळी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे. पोरगं चुकलं की ते पेटी उघडायचे आणि म्हणायचे, "अडलंय कुठं ते बघा की!" हे त्यांचं पालुपद. डब्याचं झाकण निघेना, तरी हेच. हेडमास्तर रागावले, तरी ते गेल्यावर हेच.

एकदा त्यांच्या वर्गातल्या एका उंच मुलाला फळा दिसेनासा झाला. पुढे बसवावा तर मागच्यांचा फळा जायचा. गुंडोपंतांनी कुणाकडून तरी जुना पांगुळगाडा आणला, तेच ते तान्ह्या पोरांचं चालायला शिकायचं लाकडी गाडं. त्यावर एक छोटा फळा उभा बसवला. "पोरगं फळ्याकडे येईना, तर फळा जाईल की पोराकडे." फळा वर्गभर फिरू लागला. पण आमच्या शाळेची जमीन माझ्या बाजूला उतरती. एके दिवशी ऐन भागाकारात गाडं सुटलं, पडदा फाडून थेट माझ्या वर्गात शिरलं आणि माझ्या खुर्चीला धडकून थांबलं. माझ्या दुसरीतल्या पोरांनी निमूटपणे तो भागाकार पाटीवर उतरवून घेतला. मागून गुंडोपंत आले आणि मलाच म्हणाले, "तुमच्या पोरांना कळतोय हो. उगाच बेरजेत अडकवून ठेवलंय."

दुसऱ्या एका मुलाचे हात जागेवर राहत नसत. घरी दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची सवय. गुंडोपंतांनी कांड्या भरायचा रहाटच वर्गात आणून ठेवला. पोरगं रहाट फिरवतंय आणि त्या घरघरीत तेराचा पाढा म्हणतंय. हेडमास्तर धावत आले. "गुंडोपंत, ही शाळा आहे का कारखाना?"

"साहेब, वीस कांड्या झाल्या नि पाढाही झाला. दोन्ही तपासून घ्या की."

आता मल्लेशविषयी.

मल्लेश हा नरसय्या मागवाल्याचा मुलगा. तापात त्याचे कान गेले होते, पण हे शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या वर्गात तो वर्षभर होता आणि मी त्याला मठ्ठ समजत होतो. छड्याही दिल्या होत्या. तो गुंडोपंतांकडे गेला आणि आठवड्यात ते पडद्यातून डोकं काढून म्हणाले, "अहो, गिरणीचा भोंगा वाजला की हा मान वळवतो. म्हणजे दार बंद नाही, नुसतं लोटलंय!"

दुसऱ्या दिवसापासून कर्णा खांद्यावर आला. निमुळत्या टोकाला त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला होता. ते टोक मल्लेशच्या कानाला लावलं आणि रुंद तोंडाशी वाकून ते सावकाश म्हणाले, "मल्लेश." पोरगं दचकलं. आधी कर्ण्याकडे पाहिलं, मग मास्तरांच्या तोंडाकडे. मग असं काही हसलं की रहाट फिरवणाऱ्याचा हात थांबला. "मळ्ळी!" तो ओरडला. तेलुगूत म्हणजे पुन्हा. मास्तरांनी पुन्हा हाक मारली. "मळ्ळी!" त्या दिवशी तिसरीत दुसरं काही शिकवलं गेलं नाही.

चार महिन्यांत मल्लेश वाचायला लागला. आणि डेप्युटीसाहेब तपासणीला यायचे ठरले.

तपासणीच्या दिवशी कच्ची मुलं घरी ठेवायची, हा शाळाशाळांतला रिवाज होता. हेडमास्तरांनी तसं बजावलं. गुंडोपंत म्हणाले, "माझी सगळी येणार." हेडमास्तर त्यांच्याशी वाद घालत नसत. त्यांनी मला बाजूला घेतलं. मी अजून कायम झालो नव्हतो. "त्या कर्ण्याला साहेब हसले, तर शाळेची शोभा. ते पोरगं उद्या दिसता कामा नये. तुम्हाला कायम व्हायचंय ना?"

संध्याकाळी मी नरसय्याच्या घरी गेलो. त्याने माग थांबवला, चौरंग पुसून दिला. मी म्हणालो, "उद्या मल्लेशला पाठवू नका. साहेब येणार आहेत."

"बरं. मग परवा पाठवतो की."

इथे मी "हो" म्हणायला हवं होतं. एकच अक्षर. पण पुन्हा हे झंझट नको, असं माझ्या मनात आलं. मी म्हणालो, "बघू."

नरसय्या माझ्याकडे पाहत राहिला. "बघू म्हंजे न्हाय की, मास्तर," तो म्हणाला. "कळतंय मला." आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला.

दुसऱ्या दिवशी गुंडोपंत चिंचेने घासून लख्ख केलेला कर्णा घेऊन दारात उभे होते. घंटा झाली तरी उभेच. डेप्युटीसाहेब आले, चालत्या फळ्यावर खूश झाले, मग कर्णा पाहून थांबले. "हे काय?"

"याचा मालक आज आला नाही, साहेब," गुंडोपंत म्हणाले.

साहेबांनी कुतूहलाने तो स्वतःच्या कानाला लावला. दाराशी शिपाई पुटपुटत होता, "आता जेवायला कवा जातोय ह्यो?" साहेब पोट धरून हसले आणि म्हणाले, "आत्ताच जाऊ!" जाताना शेऱ्यात गुंडोपंतांच्या उपकरणांचं कौतुक लिहून गेले. भ्यायचं काही कारणच नव्हतं. मी कायम झालो.

मल्लेश परवाही आला नाही, तेरवाही नाही. गुंडोपंत त्याच्या घरी जाऊन आले. "काम लई हाय," एवढंच नरसय्या म्हणाला. शाळेला आपला मुलगा नको आहे, हे त्या मानी माणसाने तोंडातून काढलं नाही.

"माझंच चुकलं," गुंडोपंत मला म्हणाले. "सगळ्या वर्गासमोर कर्णा लावला. पोरं हसली असतील. त्याला लाज वाटली असेल." मी पाढे घेत होतो. मी पाढे घेत राहिलो. दुसऱ्या दिवसापासून कर्णा शाळेत यायचा बंद झाला आणि पेठेतल्या लोकांना सकाळची थट्टा उरली नाही.

पुढे एका रविवारी मी त्या बोळातून जात होतो. नरसय्याचा माग थांबलेला होता आणि आतून मल्लेशचा आवाज येत होता. तो अडखळत धडा वाचत होता. जमिनीवर मांडी घालून गुंडोपंत बसले होते, कर्ण्याच्या तोंडाशी वाकून. मला पाहताच त्यांनी हाक मारली, "या, या! पोरगं पुस्तक संपवतंय!"

निघताना ते धोतराच्या जुन्या पानात कर्णा गुंडाळू लागले. त्यातलं गाणं कुठे राहिलं, ते मला तेव्हा कळलं.

"घरी ग्रामोफोन होता हो. पुढं हिला ऐकू येईना. मी गाणं लावायचो नि ही नुसती तबकडी फिरताना बघत बसायची. मग यंत्र विकलं, कर्णा ठेवला. चार वर्षं यातनं बोललो हिच्याशी. भाजी काय करायची, ते पण यातनंच." ते हसले. "आता ही नाही. घरात कर्णा आहे, पण पलीकडं कान नाही. या पोराचा कान मिळाला, बरं झालं."

मग त्यांनी गाठ मारता मारता विचारलं, "एवढंच सापडत नाही बघा. शाळेत यायचं का सोडलं यानं? अडलंय कुठं? तुम्हाला काही सुचतं का?"

नरसय्या मागाशी उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो.

नरसय्याने माग सुरू केला.

गुंडोपंत जाऊन कितीतरी वर्षं झाली. शेवटपर्यंत दर रविवारी ते त्या घरी जात राहिले, आणि त्यांचा प्रश्न त्यांच्याबरोबरच गेला. आज माझ्याही कानांना ऐकू येत नाही. नात कानाशी येऊन दोनदा, तीनदा सांगते, न कंटाळता. तेव्हा त्यांची फार आठवण येते.

गुंडोपंत, कर्ण्यात काही दोष नव्हता. पोरं हसली नव्हती. अडलं होतं ते माझ्यापाशी.