चिंधी बांधलेला कोंबडा

फूल मागाल तर टोपलीभर, बी मागाल तर शिवी, असा तात्यांचा रिवाज होता. पाटाचं पाणी आल्यापासून वडगाव निंबाळकरात जो तो उसाच्या मागे लागला होता. तात्या मात्र विहिरीकडेच्या दोन वाफ्यांत झेंडू, तेरडा आणि कोंबडा लावत. कोंबडा म्हणजे तुऱ्यासारखं, लालभडक, मखमली फूल. बी भरायच्या आत कापून वाळवलं, तर वर्षभर रंग सोडत नाही. त्याच्या जुड्या तात्यांनी आढ्याला उलट्या टांगल्या होत्या, त्यामुळे घरात शिरताना वाकावंच लागे. न वाकणाऱ्याला तात्या म्हणत, "डोस्कं संबाळा. तुमचं न्हवं, फुलाचं."

मी तिथल्या लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर. शेजारीच राहत असल्याने रोज पहाटे तात्यांचं बोलणं कानावर येई. बायको वारलेली, घरात दुसरं माणूस नाही. बोलणं चाले ते रोपांशी. "ए लांबाडे, सरक की जरा! बारकीला ऊन मिळू दे." एका तेरड्याशी त्यांनी अबोला धरलेला मी स्वतः पाहिला आहे. तीन दिवसांनी तेरडा फुलला, तेव्हा कुठे त्याला माफी मिळाली.

एका वर्षी दसऱ्यानंतर डिपोटी शाळा तपासायला येणार होते. टेबलावर फुलं हवीत म्हणून मी तात्यांच्या मळ्यात गेलो. तात्या बाजाराला गेले होते. फुलांना ते कधी नाही म्हणत नसत, तेव्हा वाफ्यात उरलेले पाच टपोरे कोंबडे मी बेधडक कापले. देठांना काळ्या चिंध्या होत्या. दृष्ट लागू नये म्हणून बांधल्या असतील, असं समजून मी त्या सोडून टाकल्या. इतक्या शहाण्या माणसाच्या हाती गावाने पोरं कशी दिली, कोण जाणे! डिपोटींनी तर फुलांकडे बघितलंही नाही.

संध्याकाळी तात्या शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. मी शिव्या ऐकायच्या तयारीत होतो. पण ते खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, ते बियाला राखल्यालं व्हतं. अजून कच्चं हाय त्यातलं बी. बाकी समदं दसऱ्याला वाटून टाकलं. आता मंजीला काय धाडू?"

मंजी, म्हणजे मंजुळा, ही त्यांची एकुलती एक लेक, निरवांगीला दिलेली. लग्नात व्याह्यांना मानाचा फेटा बांधायचा राहिला. त्या रुसव्यात त्यांनी पाच वर्षं सुनेला माहेरी धाडलं नव्हतं, आणि "व्याही बोलवंल तवाच त्या दारात पाय ठेवीन," म्हणून तात्याही अडून बसलेले. मृगाच्या तोंडावर एक बांगडीवाली तिकडे जायची. तिच्याजवळ तात्या बियाची पुरचुंडी द्यायचे. परतल्यावर ती सांगे, "पेरलं जी तिनं. बरी हाय पोर." लेकीची वर्षाची खबर तेवढीच.

मला फार लाज वाटली. दिवाळीच्या सुट्टीत बारामतीपर्यंत मोटारीने आणि पुढे मिळेल त्या बैलगाडीने मी निरवांगी गाठली. घरची माणसं मळ्यात होती, मंजुळा एकटीच घरी. परसात कोंबड्यांची रांग उभी, देठांना काळ्या चिंध्या. मी माझा पराक्रम सांगितला, तशी ती पदर तोंडाला लावून पोटभर हसली. मग एकेक तुरा परातीत झाडून तिने सगळं बी फडक्यात बांधलं.

"थोडं तुला ठेव की," मी म्हणालो.

"न्हाय. तात्यास्नी सांगा, लेकीजवळ पेराया आता एक दाणा न्हाय. अन् दुसऱ्या कुणाच्या हातचं बी मी घ्यायची न्हाय. त्यांनीच घिऊन यावं." तिचं हसू कधीच मावळलं होतं.

परत आल्यावर मी तो निरोप जसाच्या तसा सांगितला. तात्यांनी बसल्या बसल्या पुरचुंडी हातात तोलून पाहिली.

"समदं दिलं?"

"सगळं."

"येडी पोर." त्यांनी फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. मग विचारलं, "मास्तर, मृगाला किती म्हैनं हायती?"

"सात."

"सात?" तात्या उठून पायताण शोधू लागले. "तवर उंदरानं खाल्लं म्हंजे? बी आजच पोचवाया हवं."