मिसेस टपर यांची दिवाणखान्यात नेमणूक

श्रीमंत, तरुण आणि अविवाहित बाई एकटी राहू शकत नाही, ही निसर्गाचीच व्यवस्था आहे. गरीब अविवाहित बाई राहू शकते. तिच्याकडे बघायला निसर्गाला सवड नसते.

म्हणून इंग्लंडातल्या आमच्या बाथ शहरात अशा प्रत्येक मुलीच्या घरी एक सोबतीण ठेवतात. ती 'मिसेस' असावी, तिच्या डोक्यावर लेसची टोपी असावी आणि ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेली असावी. वयाची अट नाही. (शेजारी एकोणीस वर्षांची विवाहिता चाळिशीच्या कुमारिकेला वाईट संगतीपासून जपते.) जागं राहण्याचीही अट नाही. आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या सोबतिणी झोपलेल्या असतात, निम्म्या बहिऱ्या आहेत, आणि ज्या उत्तम त्यांना दोन्ही जमतं. यामुळे शहराची अब्रू फार चांगली राहिली आहे.

मिस ड्रुसिला फेन यांच्या सोबतीण मिसेस पिनॉक मंगळवारी नाचाच्या मास्तरांबरोबर पळून गेल्या. मुलीवर नजर ठेवणाऱ्या बाईवर नजर कोणी ठेवायची, याबद्दल नियम गप्प आहेत.

प्रसंग बाका होता. वडिलांच्या मृत्युपत्रानुसार सोबतीण नसेल, तर मिस ड्रुसिलांनी घर बंद करून काका सर पेरेग्रिन यांच्याकडे राहायचं होतं. काकांना एग्बर्ट नावाचा मुलगा होता. ओल्या गवताकडे नुसतं बघूनही त्याला सर्दी व्हायची, आणि त्याच्या पायाशी गरम विटा ठेवायला काका बायको शोधत होते. बुधवारी काका जेवायला येणार होते.

घरात आता 'मिसेस' एकच उरल्या होत्या: स्वयंपाकीण मिसेस टपर. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. पण मोठ्या घरच्या स्वयंपाकिणीला आमच्याकडे मानाने 'मिसेस'च म्हणतात. नवऱ्याच्या जागी चूल धरतात.

"तुम्ही फक्त टोपी घालून बसा, मिसेस टपर. तोंड उघडू नका," मिस ड्रुसिला म्हणाल्या.

"आणि बसून काय करू?"

"झोपा."

"दिवसाढवळ्या? मी काय पाद्री आहे?"

तरी त्या बसल्या. मटण कोचमन जोबने भाजलं. (घोड्यांची त्याच्याबद्दल कधीच तक्रार नव्हती.)

काका आले. त्यांनी टोपी पाहिली, मान झुकवली आणि सुरी चालवली. सुरी वाकली.

"हे मटण आहे की जोडा?" काका ओरडले. "कुठल्या गाढवीने केलंय हे?"

कोपऱ्यातली टोपी थरथरली. मिस ड्रुसिलांनी डोळ्यांनी विनवलं. मी, म्हणजे या घरचा वाढपी, बटाट्यांचं ताट घेऊन जागीच थांबलो.

"मेलं ते मटण मी केलेलं नाही!" मिसेस टपर गरजल्या. "माझा हातसुद्धा लागलेला नाही त्याला!"

काका उठून उभे राहिले.

"बाईसाहेब," ते गहिवरून म्हणाले, "आपल्यासारख्यांचा हात लागेलच कसा? खानदान बोलण्यातूनच कळतं. ड्रुसिला, अशी सोबतीण भाग्याने मिळते. तू इथेच राहा. पण ती स्वयंपाकीण आजच्या आज घालव."

मिस ड्रुसिला आज्ञाधारक आहेत. त्यांनी मिसेस टपर यांना दुपारीच कामावरून काढलं आणि मिसेस टपर यांनी, खुर्चीतून न उठता, ते मान्य केलं.

तेव्हापासून त्या तिथेच आहेत. परवा मी विचारलं, "निदान सूप तरी टाकता का?"

"मी? आणि चुलीकडे?" त्या म्हणाल्या. "जिभेला काही हाड?"

तर मुलीचं घर वाचलं, अब्रू वाचली, एग्बर्ट टळला. वाचकांचं समाधान झालं असेलच. आम्ही सगळे पाव आणि चीज खाऊन आहोत. घरात आता स्वयंपाक कोण करतं, हे कृपया विचारू नका. अशा इतक्या कथा तुम्ही वाचल्यात, त्यांतल्या एकीतही विचारलं नव्हतंत.