नानांच्या भिंतीवरचा पासवर्ड

पारोळ्याला नानांच्या दुकानात शिरलात की समोरच्या भिंतीवर गणपतीची तसबीर दिसते. तिच्याखाली पिवळ्या ऑइलपेंटने, पेंटरकडून वळणदार अक्षरांत काढून घेतलेली एक ओळ आहे. नवखं गिऱ्हाईक तो मंत्र समजून हात जोडतं. तो मंत्र नाही. तो नानांच्या वेबसाइटच्या डेटाबेसचा पासवर्ड आहे.

मी जळगावात, पिंप्राळ्याला राहते आणि लोकांच्या वेबसाइटी सांभाळते. आमच्या धंद्यात पासवर्ड ही चीज नवऱ्यालाही सांगायची नसते. त्यामुळे ती भिंत पहिल्यांदा पाहिली तेव्हा चहाचा घोट सरळ माझ्या नाकात गेला.

"नाना, हे काय?"

"पासवर्ड शे."

"अहो, पण भिंतीवर?"

"मंग काय छतवर लिखू?"

"चोर वाचतील ना!"

"चोर कसाले वाचाले येस, माय? वाचाले ते गिऱ्हाईक येस."

नानांचं एक ठाम तत्त्वज्ञान आहे: "जे दपाडं, ते गयं." म्हणजे जे लपवलं, ते गेलंच म्हणून समजा. दुकानाची किल्ली बाहेरच्या खिळ्याला टांगलेली असते आणि शेजारी पाटी, 'किल्ली आठे शे', म्हणजे इथे आहे. फोनला कुलूप नाही. एटीएमचं कार्ड पाकिटात आणि त्याचा पिन पाकिटावर. काळ्या मसाल्याची कृती तर त्यांनी पुडीवरच छापून टाकली. शेजारच्या कापडवाल्या मारवाडी शेठना ती पुडी वाचून घेरी यायची बाकी राहिली होती. धंद्याचं गुपित, तेही मापासकट! नाना त्यांना म्हणाले, "शेठ, घर जाईसन करी दखा. मिठ कमी टाका."

दुकान मूळचं नानांच्या पत्नीचं, अक्कांचं. ज्वारीचे पापडासारखे बिबडे, उडदाचे पापड, मसाला आणि भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ. पुण्याला गेलेल्या खान्देशी लेकीबाळींना माहेरची चव घरपोच मिळावी म्हणून वेबसाइटही अक्कांनीच हौसेने काढून घेतली होती. मी काम हातात घेतलं त्याच्या आधीच त्या वारल्या. नाना त्यांच्याविषयी कधी बोलत नसत, आणि मीही कधी विषय काढला नाही.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर व्हायचं तेच झालं. कुणीतरी दुकानात फोटो काढला, मागे भिंत आली, फोटो फोनाफोनी फिरला. कुण्या टवाळाने घरबसल्या नानांच्या डेटाबेसमध्ये शिरून सगळ्या मालाला एकच नाव देऊन टाकलं, बिबडे. मसाला मागवला तरी बिबडे, पीठ मागवलं तरी बिबडे. नानांनी इमानेइतबारे सगळ्यांना बिबडे पाठवले. पुण्याहून एका बाईचा फोन आला, "नाना, बिबड्यांची आमटी कशी करायची?"

मी धावत एसटी पकडली. गोंधळाच्या आदल्या दिवसाची प्रत ठेवलेली होती, ती परत चढवली. मग नवा पासवर्ड केला, लांबलचक, मलाही पाठ न होणारा. पासवर्ड बदलताक्षणी साइट बंद पडली आणि पडद्यावर आलं, 'डेटाबेसशी जोडणी होत नाही.'

"गयं! दुकान गयं!" नाना उभेच राहिले.

"काही गेलं नाही. डेटाबेस ही मालाची कोठी समजा. कोठीचं कुलूप मी बदललं, पण साइटच्या हातात अजून जुनीच किल्ली आहे."

ती किल्ली असते सेटिंगच्या एका फाइलमध्ये. ही फाइल शोधायलाच मला घाम फुटला, कारण साइट बनवणाऱ्याने ती भलत्याच फोल्डरमध्ये कोंबून ठेवली होती. सापडली एकदाची. कोठीचं नाव, पत्ता, वापरणाऱ्याचं नाव, सगळं जसंच्या तसं ठेवून मी फक्त पासवर्ड बदलला आणि फाइल जतन केली. साइट उघडली. मसाला मसाला झाला, पीठ पीठ झालं. नानांनी तसबिरीला हात जोडले आणि लगेच पेंटरला फोन लावला.

मी फोन त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलाच. "नाना, हा पासवर्ड भिंतीवर जाणार नाही. तो माझ्याकडे राहील."

नानांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, ओरडतील. ते अगदी हळू म्हणाले, "आन तू मरी गयी ते?"

समोर चहा ठेवलेला, बशीत मीच वाचवलेल्या दुकानातला पापड, आणि हा प्रश्न!

"मंग हाई कोठी कोन उघाडी?" नाना म्हणाले.

तेवढ्यात गल्ल्याच्या मागे कुठलासा फोन वाजू लागला. नानांचा फोन तर माझ्या हातात होता. ते वळले. भिंतीशी चार्जरला लावलेला एक जुना फोन त्यांनी दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरला. गजर वाजत होता आणि पडद्यावर अक्षरं होती, 'नानांची गोळी'.

नानांनी खिशातून गोळी काढून घेतली, वर पाणी प्यायले, मगच गजर बंद केला. पडद्यावर आता कुलपाचे ठिपके होते.

"तुनी अक्काना फोन शे," ते म्हणाले. "बठ्ठा फोटो, तिना आवाज, मझारमा शेतस. बिबडा कशा भाजाना ते ती बायास्ले बोली बोली पाठाडे. मोबाइलवाला म्हने, उघाडी देस, पन मझारलं बठ्ठं पुसाई जाई. ठिपका जोडानी रीत तिनी कोनले सांगी नही. मी बी कधी इचारी नही. आपली बायको, काय इचारानं?"

अक्कांचे फोटो, त्यांचा आवाज, सगळं त्या ठिपक्यांच्या आत राहिलं होतं. पडदा विझला तसा नानांनी फोन सदऱ्याला पुसला आणि पुन्हा चार्जरला लावला.

"आते ती इतलंच बोलस," ते म्हणाले.

पेंटरला मीच बोलावलं. दुकानाची भिंत पुसली, आणि नवा पासवर्ड नानांच्या घरात, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, अक्कांच्या लुगड्यांसमोर पिवळ्या रंगात लिहून घेतला. पेंटरने न सांगता त्याच्याभोवती वेलबुट्टी काढली. कपाटाला कुलूप लावायचं की नाही यावर मी वाद घातला नाही.

घरी पोचले तेव्हा नवरा भाजी निवडत होता. चपलाही न काढता मी त्याच्यासमोर बसले, माझा फोन पुढे धरला आणि म्हटलं, "नीट बघ. हे ठिपके असे जोडायचे."

त्याच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "काय झालं गं?" तो म्हणाला. "बरी आहेस ना?"