भावजींचं गोदाम

आमच्या शेजारच्या अरविंद भावजींकडे चहा मिळत नाही, चहा डिस्पॅच होतो. तुम्ही सोफ्यावर बसलात की ते आतून विचारणार, "वहिनी, साखर स्टँडर्ड की स्पेशल?" कप हातात आला की घड्याळ बघून स्वतःशीच म्हणणार, "ऑन टाइम." उशीर झालाच तर खापर दूधवाल्यावर. "सप्लायरने मार डाला, वहिनी."

माणूस मूळचा पुण्याचा, पण सारी नोकरी मानेसरला गेली. मोटारींचे सुटे भाग बनवणारा कारखाना, आणि हे तिथे प्रॉडक्शन प्लॅनिंगला. रोज सकाळी दिल्लीच्या द्वारकेत आमच्या सोसायटीच्या गेटवर कंपनीची बस यायची. ती आता येत नाही, एवढाच काय तो निवृत्तीचा फरक. बाकी कारखाना त्यांनी घरी आणला. एका गणपतीत आम्हा मंडळाच्या बायकांना त्यांनी मोदकांच्या लाइनवर बसवलं. एकीने पारी करायची, दुसरीने सारण भरायचं, तिसरीने कळ्या काढायच्या, आणि काही झालं तरी लाइन थांबवायची नाही. सारणवाल्या बाईंना मुलीचा फोन आला, त्या उठून बाल्कनीत गेल्या. हुकूम तो हुकूम. आम्ही पुढचे सगळे मोदक रिकामेच वळले. भावजी शांतपणे म्हणाले, "असू द्या. आउटपुट तर वाढलं ना."

हा माणूस सांभाळणं एकट्या मंगललाच जमायचं. मंगल म्हणजे त्यांची बायको. निवृत्तीनंतर हे दिवसभर ओट्याशी उभे राहून तिला सूचना द्यायला लागले, तेव्हा त्यांच्या लेकीने, प्राचीने, पुण्याहून एक खेळ आणून दिला. दोघांनीच खेळायचा. एक पट, लाकडी माणसं, आणि बोटाच्या पेराएवढी लाकडं, पोती, पाव. आपली माणसं कामाला पाठवायची, कुणी जंगलात, कुणी शेतात; शेतात गेलेल्याला मधल्या गोदामातून गव्हाचं पोतं मिळायचं. लाकूड जमलं की भट्टी बांधायची, गहू जमला की पाव भाजायचे. मधल्या गोदामातली गव्हाची पोती संपली की डाव संपला. ज्याचे पाव जास्त, तो जिंकला.

"हेच मी आयुष्यभर पगार घेऊन केलं, आता फुकट का करू?" पहिल्या दिवशी भावजी म्हणाले. पण आठवडा गेला नाही तोच करोल बागेत जाऊन दागिन्यांचे मणी ठेवायची खणाखणांची डबी घेऊन आले, माल वेगवेगळा ठेवायला. मग रोज दिवेलागणीला दोघं डायनिंग टेबलाशी. जिंकायची बहुतेक मंगलच. हे प्लॅनिंग करत बसायचे, तोवर तिचे पाव भाजून व्हायचे.

पुढे प्राचीला जुळी झाली. मंगल जरा हाताशी म्हणून पुण्याला गेली आणि प्राचीचं ऑफिस सुरू झालं तशी तिथेच राहिली. भावजीही गेले होते सोबत. जाऊन त्यांनी बाळांच्या दुधाचं शेड्यूल भिंतीवर लावलं, आणि एक बाळ शेड्यूलच्या आधी रडलं तर त्याला दूध मिळू देईनात. प्राचीने प्रेमाने, पण लगेचच, दिल्लीचं तिकीट काढून दिलं.

तर आता खेळ फोनवर. पट इथे, मंगल तिथे. ती व्हिडिओवरून चाल सांगते, भावजी दोघांचीही माणसं हलवतात. पण मंगलही काही कमी नाही. म्हणाली, "पट यांच्या हातात, गोदाम यांच्या हातात. सुधाताई, तुम्ही इन्स्पेक्टर म्हणून बसा बाई." झाली माझी नेमणूक.

परवाही बसले होते. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवलेला.

"मंगल, तुझी चाल. लाइन थांबलीये."

"थांबू दे. ढेकर काढतेय एकाची. सुधाताई, गडबड नाही ना काही?"

"अजून तरी नाही."

"अजून म्हणजे? चष्मा पुसून बसा."

तेवढ्यात दुसऱ्याने सूर लावला. मंगलने फोन तसाच ठेवला आणि पळाली. पडद्यावर नुसता छताचा पंखा. भावजींनी आपल्या बाजूची दोन-तीन पोती उचलली आणि गुपचूप गोदामात परत ठेवली. मग माझ्याकडे बघून पुटपुटले, "रिव्हर्स सप्लाय."

मी हळूच म्हटलं, "भावजी, तुम्ही स्वतःचंच नुकसान करताय."

"पोती संपली की डाव संपतो."

"मग नवा मांडा."

"मागचा संपला तेव्हा आठवडाभर नवा मांडायला तिला वेळ झाला नाही. फोन करायची, नाही असं नाही. जेवलात का, गोळी घेतलीत का, ठेवते. अर्धा डाव मात्र ती सोडत नाही, वहिनी. स्वभाव आहे तिचा."

"अहो, मग सरळ म्हणा ना, परत ये."

ते पोती एका रांगेत लावत राहिले. "तिथे मॅनपॉवर कमी आहे. प्राचीची नोकरी जाईल. चालू लाइनवरून माणूस कसा काढू?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

मंगल परत आली, खांद्यावर एक बाळ. "कुठे होतो आपण? कॅमेरा जरा गोदामावर धरा."

भावजींनी धरला. ती पडद्याजवळ वाकून पोती मोजू लागली. मी मनात म्हटलं, सापडलो.

"सुधाताई, सगळं नियमात आहे?"

"बिल्कुल नियमात," मी म्हटलं.

तिची भट्टी तयार होती, गहू समोर पडला होता. आता पाव भाजून मग गोदामातली उरलेली पोती उचलली की डाव संपला, आणि तोही तिचाच, हे मलासुद्धा कळत होतं. बाळाची पाठ थोपटत ती पटाकडे बघत राहिली.

"मग आज माझा माणूस जंगलात पाठवा. लाकडं आणू दे त्याला."

"अगं, लाकडांचा ढीग पडलाय तुझ्याकडे," भावजींना राहवेना. "पाव भाज ना. हे काय प्लॅनिंग आहे?"

"असू दे हो," मंगल म्हणाली. "घाई कुठे आहे."

भावजींनी एकदा गोदामाकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. त्यांनी मंगलचा लाकडी माणूस उचलला आणि जंगलात नेऊन उभा केला. हात मात्र लगेच काढून घेतला नाही.