फळ्यावरचा तांबडा

शनिवारी सकाळी नऊ वाजता सयाजीरावांचा लाल खडू संपला, आणि तोही नेमका पहिल्या ओळीचा पहिला शब्द गिरवताना.

आता यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण शिवाजी पेठेत बाळासोंच्या मिसळीच्या दुकानाबाहेर जो फळा टांगलेला आहे, त्याच्यावर अकरा वर्षं दर शनिवारी सयाजीरावच लिहीत होते. कॉलेजांच्या फुटबॉल स्पर्धा सुरू झाल्या की एका शनिवारी चार-चार मॅच असतात, दोन मैदानांवर, वेळाही एकमेकींवर चढलेल्या. माणसानं बघावं तरी काय काय? म्हणून पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले सयाजीराव आठवडाभर टीमांचा सराव बघत हिंडायचे आणि शनिवारी चारही मॅच फळ्यावर लिहायचे. कुठल्या कॉलेजात कुठल्या तालमीची किती पोरं खेळतात, कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाचं कुणाशी बिनसलंय, सगळं तपासून ते प्रतवारी लावायचे. चुकवू नये अशी एकच मॅच तांबडा. ती ओळ लाल. बाकीच्या सवड असेल तर बघाव्या अशा, म्हणजे पांढरा. पेठ मग दुपारी त्या लाल ओळीमागं निघायची. फळ्याबद्दल शंका घेणं पेठेत असभ्यपणाचं मानलं जायचं.

या शनिवारच्या आधी सयाजीराव तीन रात्री नीट झोपले नव्हते, कारण लालासाब येणार होता.

लालासाब त्यांचा चाळीस वर्षांचा दोस्त. दोघं एकाच तालमीकडून खेळलेले. लालासाब गोलकीपर आणि सयाजीराव त्याच्या पुढ्यात फुलबॅक. नंतरच्या सगळ्या मॅच दोघांनी शेजारी बसून बघितल्या. पाच महिन्यांपूर्वी लालासाबच्या छातीचं मोठं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून सयाजीरावांच्या शेजारची जागा रिकामी होती. आता डॉक्टरांनी दोन तास बाहेर जायची परवानगी दिली होती. दोन तास म्हणजे एक मॅच.

"एकच बघणार हाय," लालासाब म्हणाला होता. "तू सांगशील ती."

त्याच्या बायकोनं, शहाजादीनं, मात्र सयाजीरावांना दारापर्यंत सोडायला येऊन हळूच बजावलं होतं, "भाऊजी, तुमी त्यांच्या जवळच बसा. जरा घाम आला की घरी घेऊन या." वर गोळ्यांची पुडी त्यांच्या खिशात घातली होती.

सयाजीरावांनी खूप विचार करून मॅच निवडली. चार वाजता, स्टेडियमवर, पेठेतलं कॉलेज विरुद्ध शाहूपुरीतलं कॉलेज. एकीकडं आदर्श पुढं खेळणार, दुसरीकडं त्याचाच सख्खा भाऊ सम्राट गोलात उभा राहणार. एका ताटात जेवणारी पोरं. अशी मॅच बघायला मिळावी म्हणून सयाजीराव स्वतःच वर्षभर वाट बघत होते. ती पहिल्या ओळीत. मधल्या दोन मॅच दुपारच्या. आणि चौथ्या ओळीत, अगदी तळाला, गावाबाहेरच्या कॉलेज मैदानावर चार वाजता मुलींची मॅच, कोल्हापूर विरुद्ध जयसिंगपूर. मुलींची मॅच सयाजीराव दरवेळी शिष्टाचार म्हणून लिहायचे. खरं सांगायचं तर त्यांनी एकही बघितलेली नव्हती.

आणि आता लाल खडू संपला. वह्या-पुस्तकांचं दुकान उघडायला दीड तास होता आणि दहा वाजता लोक फोटो काढायला येणार होते.

"कट हाय की," मिसळीच्या पातेल्यामागून बाळासो म्हणाले. "एवढा लालभडक खडू तरी कुठं मिळतोय? लावा चमच्यानं."

सयाजीरावांनी कट लावला. पहिल्या ओळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाड पट्टा ओढला. दिसायला तो इतका झकास दिसला की आजवर खडू वापरला याचंच त्यांना वाईट वाटलं. मग ते घरी गेले, जेवले आणि सावलीतल्या जागा धरायला दोनलाच स्टेडियमवर पोचले.

फळ्यावर ऊन आलं साडेनऊला. कट हा शेवटी तेलाचा पदार्थ. तो तापला, सुटला आणि सावकाश खाली निघाला. दुसऱ्या ओळीवर थांबला नाही, तिसरीवर रेंगाळला नाही, आणि खालच्या लाकडी चौकटीला अडून चौथ्या ओळीवर चटणीसकट जमा झाला. दहा वाजता पेठेनं बघितलं तेव्हा पहिली ओळ पिवळट पडली होती आणि मुलींची मॅच लालबुंद झाली होती.

पण शंका कुणी घेतली नाही. उलट कारणं सापडायला लागली. एकाला आठवलं की जयसिंगपूरची एक मुलगी कॉर्नरवरून थेट गोल मारते. दुसऱ्यानं कोल्हापूरच्या कॅप्टन स्नेहलला सराव करताना पाहिलं होतं, निदान तिच्या गल्लीत तरी तो गेलता. साडेदहापर्यंत फळ्याचा फोटो सगळ्या पेठेच्या मोबाइलवर होता, आणि अकरा वाजता कुणीतरी हलगीवाल्यांना सांगून आलं.

चार वाजले तरी स्टेडियमवर मोजकी माणसं होती. सयाजीरावांच्या एका बाजूला लालासाबसाठी आणलेली उशी, दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली, खिशात गोळ्या आणि नजर फाटकाकडं. मॅच सुरू झाली. आदर्शनं पहिल्याच मिनिटाला भावाच्या गोलावर असा फटका मारला की सयाजीरावांनी सवयीनं शेजारच्या मांडीवर थाप मारली, आणि ती उशीवर बसली. लालासाबचा फोन लागेना. शेवटी त्याच्या मुलानं, तौसीफनं, फोन उचलला. तौसीफ स्वतःची रिक्षा चालवतो. त्याच्या मागं एवढा कालवा होता की तो कुठल्या मिरवणुकीत शिरलाय असं वाटत होतं.

"आमी कवाच पोचलोय काका," तो ओरडून म्हणाला. "फळ्यावर लाल केलंय तिथंच. मुलींच्या मॅचला."

सयाजीराव उठले. पाच महिन्यांनी मिळालेली दोस्ताची एकुलती एक मॅच आपल्या हातून वाया गेली, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि मागं आरोळी उठली. गोल झाला होता. ते वळले नाहीत. आदर्शनं सम्राटवर गोल मारला आणि मग स्वतःच त्याला उठवायला धावला, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं.

गावाबाहेर पोचायला त्यांना पाऊण तास लागला. कॉलेज मैदानाच्या कडेनं निदान चारशे माणसं उभी होती. त्यांना बघून आयोजकांची तारांबळ उडाली होती. रोज पंधरा-वीस प्रेक्षक असायचे, त्यातले निम्मे आईबाप. मुली तर आधी घाबरल्याच. जयसिंगपूरची गोलकीपर राजनंदिनी हलगीच्या आवाजानं एवढी गांगरली की पहिला साधा बॉल तिच्या पायांमधून गेला. पण आता उत्तरार्ध संपत आला होता, दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल झाले होते, आणि पेठ दोन तुकड्यांत वाटली जाऊन भांडत होती.

राजनंदिनीच्या गोलामागं रिक्षाची मागची सीट जमिनीवर मांडलेली होती. तौसीफनं ती काढून आणली होती. तिच्यावर लालासाब बसला होता, घामानं चिंब.

सयाजीरावांचा हात गोळ्यांकडं गेला.

"घाम उन्हाचा हाय," लालासाब त्यांच्याकडं न बघताच म्हणाला. "गप बस हितं."

सयाजीराव बसले आणि तेवढ्यात कोल्हापूरला पेनल्टी मिळाली. स्नेहलनं बॉल ठेवला. हलगी थांबली. राजनंदिनीनं एकदा गर्दीकडं बघितलं आणि तिचे खांदे पडले.

"पोरी, लोकांकडं बघू नगंस," लालासाब हळूच म्हणाला. "तिच्या टेकलेल्या पायाकडं बघ. तो सांगतोय बॉल कुठं जाणार त्ये."

स्नेहल धावत आली. राजनंदिनी डावीकडं झेपावली, बॉल बोटांना लागला, खांबाला लागला आणि बाहेर गेला. पुढचं सयाजीरावांना नीट आठवत नाही. ते लालासाबला मिठी मारून नाचत होते आणि लालासाब त्यांना मिठी मारून नाचत होता. त्या मिनिटभरात त्यांना ना ऑपरेशन आठवलं, ना गोळ्या, ना शहाजादी. मॅच बरोबरीत सुटली. राजनंदिनी मैदानातून थेट गोलामागं आली आणि लालासाबच्या पाया पडली. पाठोपाठ स्नेहलही आली आणि म्हणाली, "आजोबा, पुढच्या वेळी माझ्या मागं बसा."

परत येताना रिक्षात सयाजीरावांनी खडू, कट, ऊन, सगळं कबूल केलं. तुला दुसरीच मॅच दाखवायची होती, माफ कर, म्हणाले.

"माहीत हाय," लालासाब म्हणाला. "हिकडं येताना तौसीफनं फळ्याजवळ रिक्षा थांबवली तवा बघितलं की. वरून खालपर्यंत तेलाचा ओघळ आलता. आणि पाच म्हयनं कट खाल्ला न्हाय म्हून वास इसरलो व्हय?"

"मग तिकडं का आला न्हाईस?"

"आलो असतो तर तू मॅच बघितली असतीस?" लालासाबनं विचारलं. "गोळ्या खिशात घिऊन माझ्या छातीकडं बघत बसला असतास. दोन सख्खं भाऊ समोरासमोर, म्हणून वर्षभर नाचत हुतास. म्हटलं, एकदा निवांत बघू दे गड्याला. तौसीफला सांगितलं, काकाला फोन करू नगंस म्हून." तो थांबला. "व्हय, पण तू हिकडं कवा आलास? ती मॅच संपली कवा?"

"दहा मिनिटं बघितली," सयाजीराव म्हणाले. "उशीशेजारी बसून करमंना."

पुढं रिक्षा चालवणारा तौसीफ आरशात बघत होता. त्यानं आरसा जरा वर वळवला. सयाजीरावांना एकाएकी सगळ्यांचेच आभार मानावेसे वाटले, त्या डॉक्टरांचे, जयसिंगपूरच्या त्या पोरीचे, बाळासोंच्या कटाचे आणि शेजारी बसून घामानं वास मारणाऱ्या या माणसाचे. पण आपल्याकडं असं बोलायची पद्धत नाही. त्यांनी शेजारच्या मांडीवर एक जोराची थाप मारली. या वेळी ती बरोबर लागली.

"हळू की रं," लालासाब कळवळून म्हणाला. "ऑपरेशन झालंय माझं."