इरण्णा बॅटरी चावून बघतो

या, असं पुढं सरकून बसा. दारात काय पाव्हण्यासारखं उभं राहायचं. आणि तो मोबाईलचा उजेड आधी बंद करा बघू. चपला शोधायला मोबाईल, कुलूप उघडायला मोबाईल, पलंगाखाली गेलेलं कानातलं शोधायलाही मोबाईल. घरात एक धड बॅटरी ठेवायला काय होतं तुम्हाला? आमच्या इरण्णानं हे बघितलं असतं तर मोबाईल तुमच्या हातून काढून तुमच्याच तोंडापुढं धरला असता आणि म्हणाला असता, "हे दातात धरून दाखवा."

हसू नका. इरण्णा बॅटरी चावून घेतो.

लोक माठ वाजवून घेतात, कलिंगड थापटून घेतात. इरण्णा दुकानात जातो, नवी कोरी बॅटरी उचलतो, तोंडात घालतो आणि कचकन चावतो. मग ती तशीच दातात धरून मान डावीकडं, मान उजवीकडं, मान छपराकडं. जबडा दुखला तर नापास. लाळ गळली तर नापास. दाताखाली कर्र वाजलं तर तोंडातून काढून, शर्टाला पुसून, दुकानदाराच्या पुढं ठेवतो आणि म्हणतो, "ब्याड." ब्याड म्हणजे नको. घरी कानडी बोलायची सवय, त्यामुळं नको म्हणताना त्याला मराठी सुचत नाही.

इरण्णा आमच्या भिंतीला भिंत लागून राहतो. धंद्यानं वायरमन, पण साधा नाही. तो फक्त माळ्यावरचा वायरमन. खालचं बटण बिघडलं, पंखा फिरेना, तर हात लावायचा नाही. "अक्का, खालचं काम कुणीबी करतंय. वर चला म्हना, मग बगतो." आणि वरचं काम काही कमी नाही. आपल्याकडं माणसं राहतात खाली, पण संसार असतो माळ्यावर. जुने पाळणे, फुटक्या बादल्या, लग्नातली पितळी भांडी, आणि त्या सगळ्याच्या पाठीमागून पळणाऱ्या वायरी. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत तर टॉवेल-चादरींचा बारीक रुवा उडून माळ्यावर गादीसारखा बसतो. त्या रुव्यात पालथं पडून एका हातात पक्कड, एका हातात वायर. मग बॅटरी धरायला उरतं काय, तर तोंड. म्हणून बॅटरी बोटभर पाहिजे, हलकी पाहिजे, आणि उजेड असा पाहिजे की उंदराच्या मिशा मोजता याव्यात.

त्याची जुनी बॅटरी होती. पितळेची, बुटकी, दातांच्या खुणांनी भरलेली. एखाद्या बाळाच्या खुळखुळ्यासारखी दिसायची. ती हळूहळू मंदावत गेली. इरण्णा सेल बदलायचा, आतला पत्रा घासायचा, तिला उन्हात ठेवायचा. उन्हात ठेवून बॅटरीत काय भरणार, मी विचारलं. "बरं वाटतंय तिला," म्हणाला.

मग ते लेडीज टेलरच्या दुकानातलं प्रकरण झालं. वर सीलिंगच्या आत हा काम करत होता, बॅटरीचा उजेड काजव्याएवढा. लाकडी पट्टी समजून पाय ठेवला तो नुसत्या पीओपीवर. खाली बायका ब्लाऊज घालून बघत होत्या आणि छतातून गुडघ्यापर्यंत एक पाय आला. चप्पल आधी पडली. दुकानात जो काय गोंधळ झाला तो झाला, पण टेलर सवयीचा माणूस. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "अण्णा, पायजमा दोन बोटं लांब हाय तुमचा."

इरण्णाला फार लागलं नाही. पण गोष्ट पुण्याला मुलाच्या कानावर गेली. बसवराज त्याचं नाव, चांगल्या नोकरीत आहे. त्यानं फोनवर सांगितलं ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं, कारण इरण्णा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतो. "अप्पा, दिवाळीला येतोय मी. तवापर्यंत हातात नवी चांगली बॅटरी दिसली पायजे. नाहीतर शिडी विकून टाकतो आणि तुमाला पुण्याला नेतो."

"पुण्याला माळे हायत का?" इरण्णानं विचारलं.

"फ्लॅटमध्ये कुठला माळा, अप्पा?"

"मग मी येऊन काय करू?"

त्या दिवसापासून इरण्णा बॅटरी शोधायला लागला. नवी पेठेकडच्या बाजूला इस्माईलभाईचं दुकान आहे, बल्ब, वायर, बॅटऱ्या असं सगळं मिळतं. इस्माईलभाई गरीब स्वभावाचा, पण इरण्णाला बघितलं की काउंटरवरच्या बॅटऱ्या आत सरकवायला लागला. मी एकदा माझ्या चटणीच्या मशीनचा पट्टा आणायला गेले होते, तेव्हा दोघांची जुंपलेली.

"अण्णा, बॅटरी है, गन्ना नै. कायकू चबाते?"

"चावल्याशिवाय कळत न्हाय की."

"दात लगे सो माल कौन लेंगा मेरा?"

"मीच घेतो की. चांगली निघू दे."

पण चांगली निघायची नाही. चावण्यात पास झाली की पुढची परीक्षा खिशाची. शर्टाच्या खिशात घालून वाकायचं, पडली तर नापास. मग अंधाराची. त्यासाठी तो इस्माईलभाईच्या दुकानाच्या माळ्यावर स्वतः चढायचा, आणि खाली गिऱ्हाईक विचारायचं, वर कोण आहे? इस्माईलभाई म्हणायचा, "मांजर है. बडा है." फार पांढरा उजेड असला तरी चालायचा नाही, रुव्यावर आपटून डोळ्यात परत येतो म्हणे. आणि या सगळ्यातून एखादी पास झाली, इस्माईलभाईनं अल्लाचं नाव घेतलं, की इरण्णा शेवटी तिचं बटण पटापट दोनदा दाबायचा. बॅटरीकडं बघायचा. आणि खाली ठेवायचा. "ब्याड."

का ब्याड, ते सांगायचा नाही. असं करून त्यानं दुकानात मांडलेल्या झाडून सगळ्या बॅटऱ्या नापास केल्या.

बसवराजनं पुण्याहून कुरिअरनं डोक्याला बांधायची एक पाठवली, पट्ट्याची. इरण्णा संध्याकाळी ती बांधून मला दाखवायला आला. ज्याच्याशी बोलेल त्याचे डोळे दिपत होते. मी पदर डोळ्यावर घेऊन बोलले, समोरच्या घरातल्या कुत्र्यानं भुंकून भुंकून घसा बसवून घेतला. मी म्हटलं, "बरी हाय की रे, दात तरी वाचतील." त्यानं कपाळावर हात नेला, बटण दोनदा दाबलं, आणि पट्टा सोडून घडी घातली.

खंडेनवमीला त्यानं हत्यारांची पूजा मांडली. पक्कड, टेस्टर, शिडीला हळदीकुंकू. बॅटरीच्या जागी नुसती सुपारी ठेवली होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की शिडी खरंच विकली जाणार.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, ती आमच्या भागातल्या सगळ्या बायकांना पाठ आहे. इरण्णा माळ्यावर गेला की थोड्या थोड्या वेळानं वरच्या चौकटीतून खाली दोनदा उजेड मारतो. लुक्, लुक्. म्हणजे चहा. तोंडात बॅटरी असल्यावर माणूस मागणार तरी कसा? कुणीतरी कधीतरी चहा नेऊन दिला असेल, त्यानं घेतला, आणि तोच कायदा झाला. एका कामाला एवढे चहा व्हायचे की घरधनीण वैतागून जायची. आणि हा दुसऱ्या दिवशी मला सांगायचा, "अक्का, पित्त लई वाढलंय, कशानं असंल?"

दिवाळीच्या तोंडावर माझ्या चटणीच्या मशीनची लाईन जळाली. शेंगा भाजून पराती भरलेल्या, आणि मशीन मुकं. इरण्णा शिडी घेऊन आला. हातात इस्माईलभाईकडं नवीच आलेली सगळ्यात भारी बॅटरी, बोटाएवढी, बघायला म्हणून आणलेली. वर गेला. उजेड असा पडला की माझ्या माळ्यावर काय काय आहे ते मलाच पहिल्यांदा कळलं. मी मनात म्हटलं, सुटलो, झाली पसंत.

थोड्या वेळानं चौकटीतून खाली उजेड आला. एकदा लखलखीत. मग एकदम मिणमिणता. आणि मग ती बॅटरी लागली फडफडायला, अँब्युलन्ससारखी, थांबेचना. वरून इरण्णाचं कानडी ऐकू आलं, ते काही इथं सांगण्यासारखं नाही. मी चहा ओतून शिडीच्या दोन पायऱ्या चढले, माझे गुडघे तेवढंच ऐकतात, आणि कप चौकटीवर ठेवला.

"घे रे. एवढं काय फडफडायचं चहासाठी."

तो अंधारातून सरकत आला. डोक्याला सगळा रुवा. "च्या कोन मागितला?"

"तूच की. दोनदा उजेड मारतोस न्हवं?"

त्यानं कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "अक्का, ते च्यासाठी न्हवतं कदी."

"मग इतकी वर्षं पिलास कसा?"

"लोकं आनून देतात. न्हाय कसं म्हनायचं?"

मग काय तर मी हसत सुटले. तो हसला नाही. चौकटीच्या कडेला पालथा पडून, हनुवटी हातावर ठेवून, त्यानं जे सांगितलं ते एवढंच. त्याची बायको, आमची गौरव्वा, लग्नाआधीपासून मागावर कामाला होती. त्या खडखडाटात ऐन तरुणपणी तिचे कान गेले. पुढं काम सुटलं, तशी ती याच्याबरोबर कामावर जायला लागली, शिडी धरायला. एकदा याला वर शॉक बसून हा बेशुद्ध पडला, आणि ती खाली तांदूळ निवडत बसलेली. वर धप्प झालेलं तिला ऐकू येणार कुठून? कितीतरी वेळानं कळलं. तेव्हापासून दोघांचं ठरलं. त्यानं मधून मधून दोनदा उजेड मारायचा, म्हणजे मी हाय. तिनं शिडीवर दोनदा टकटक करायचं, म्हणजे बघितलं.

गौरव्वा जाऊन आता काही वर्षं झाली. मी शेजारीण, रोज बघत होते त्या दोघांना शिडी घेऊन जाताना. मला वाटायचं शिडी जड आहे म्हणून दोघं धरतात.

"आता खाली कोण बघतंय म्हणून मारतोस?" मी विचारलं.

"कोन न्हाय. बोट जातंय बटनावर." त्यानं ती भारी बॅटरी माझ्यापुढं धरली. "ही बगा. पयलं दाबलं की मोठा, दुसरं दाबलं की बारका, तिसरं दाबलं की अँब्युलन्स. सगळ्या असल्याच निघतात आता. अँब्युलन्स बगून घाबरंल की ती."

मी शिडी धरून उभी राहिले. चहावर साय आली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच इस्माईलभाईकडं गेले. मोठा उजेड, बोटाएवढी, आणि एकच बटण, नुसतं चालू आणि बंद. मध्ये काही नको. इस्माईलभाई कपाळाला हात लावून बसला. "इत्ता बोलने कू उनको क्या हुआ था, खालाजान?" तो स्टुलावर चढला आणि अगदी वरच्या फळीवरनं धूळ खात पडलेलं एक खोकं काढलं. साधी आहे, आजकाल कुणी विचारत नाही म्हणाला. मी ती तिथंच चावून बघितली. माझी कवळी आहे, तरी बरी वाटली.

बसवराज दिवाळीला आला, त्यानं बॅटरी बघितली, अप्पांना माळ्यावर चढवून उजेड बघितला आणि शिडीचा विषय काढला नाही. इस्माईलभाईला तसलीच आणखी मागवून ठेवायला सांगून गेला.

मशीनची लाईन मात्र अर्धीच झाली होती. भाऊबीज झाल्यावर इरण्णा पुन्हा वर चढला. मी शिडीखाली पाट घेतला आणि शेंगा निवडत बसले. बऱ्याच वेळानं चौकटीतून उजेड आला. लुक्, लुक्. स्वच्छ, मध्ये काही नाही. मी शेंगांतला पळा उचलला आणि शिडीवर वाजवला. दोनदा.

वर पक्कड थांबली. रुवा खाली येत होता तेवढाच. मग इरण्णा म्हणाला, "अक्का, च्या बी चालंल."

आता तुम्हाला सांगते ते कशासाठी, ते कळलं असेल. चटणी झाली आहे, आत्ता बांधून देते, आणि संपली की न्यायला तरी परत या लवकर. माळ्यावरची दुसरी लाईनही लुकलुकायला लागलीय, तो परत येणार आहे, आणि गॅसजवळ गेले की शिडीपाशी कुणी नसतं. तुम्ही या. पाट मांडून ठेवते.