बाराशे शहाऐंशी काजं

सन २०२३, मे महिन्यातला दुसरा सोमवार, भर उन्हाळा. त्या दिवशी मी बायकोला मदत करायचं ठरवलं. (लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती. घाई केली असं कोणी म्हणू नये.)

बायको मोबाइलवर शिवणकाम शिकवायची. दोन वर्षं फुकट शिकवलं. मग व्हिडिओ दाखवणारी कंपनी तिच्या व्हिडिओंवर जाहिराती लावू लागली आणि दरमहा पैसे येऊ लागले. माझं कुलूप दुरुस्तीचं दुकान बंद पडल्यापासून घर त्यावरच चाललं होतं. हे मी कधी बोललो नाही. तीही बोलली नाही. फक्त भाजी तिच्या आवडीची होऊ लागली.

मी सुनेला विचारलं, "हे जाहिरातवाले पैसे का देतात?"

"लोकांनी जाहिरात दाबून माल बघावा म्हणून, बाबा."

"आपण बघतो?"

"आपण कशाला बघू?"

मला पटलं नाही. ज्याचं मीठ खातो, त्याचा माल निदान बघावा. दुसऱ्या दिवसापासून मी बायकोच्या व्हिडिओंवरची प्रत्येक जाहिरात दाबू लागलो. टायर, टूथपेस्ट, केसांचं तेल. (मला केस नाहीत.) रोज चाळीसेक. प्रत्येकीची वहीत रेघ.

महिन्याभराने नोटीस आली. सून वाचता वाचता खाली बसली. "बनावट क्लिक. फसवणूक. कमाई बंद."

बायकोची कात्री कापडात तशीच राहिली.

मी हबकलो. चाळीस वर्षं लोकांची दारं उघडून दिली, कोणाचा चमचा हलला नाही. आणि मी फसवणारा?

"साहेब कुठे बसतो? मी जाऊन भेटतो."

"साहेब नाही, बाबा. मशीन आहे."

"मशीनच्या वर कोण?"

"वरही मशीनच. एकदाच अर्ज करता येतो. नीट विचार करून करू."

विचार मी एकट्यानेच केला. वहीच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवले. खाली लिहिलं, 'एकूण बाराशे शहाऐंशी. सगळ्या मी स्वतः, घरी बसून, माझ्या बोटाने दाबल्या. एकही बनावट नाही.' आणि सही.

उत्तर एका मिनिटात आलं. अर्ज नामंजूर. कमाई कायमची बंद.

"बाबा, घरच्यांनी दाबलेलंच ते बनावट धरतात. तुम्ही त्यांना पुरावा दिलात?"

"मग? पुराव्याशिवाय कोण विश्वास ठेवतो?"

सुनेने कपाळाला हात लावला. तिसऱ्या दिवशी बायकोने शाळेच्या शर्टांचं काम घरी आणलं. एक शर्ट, सुई आणि माझी वही माझ्यापुढे ठेवली.

"किती दाबल्यात?"

"बाराशे शहाऐंशी."

"तेवढी काजं करा."

"अगं, मी कुलूपवाला माणूस!"

"भोकंच तर आहेत. किल्लीचं काय नि गुंडीचं काय."

पहिलं काज तिने उजेडात धरलं. "अहो, यातून अख्खं कुलूप जाईल. उसवा." उसवलेलं मोजायचं नाही, असं ठरलं. (तिने ठरवलं.)

१९ मार्च २०२४ ला मी शेवटची रेघ मारली. तिने वही घेऊन स्वतः मोजलं. एक कमी भरलं. ते मी माझ्याच शर्टावर केलं, तिच्या देखत.

फिटलं.